गुठळी होण्याआधी: अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम ओळखायचा कसा, सांभाळायचा कसा

पोटरी सुजली म्हणून हाडांच्या डॉक्टरांकडे, डोकं उठतं म्हणून चष्म्याचा नंबर तपासायला, दोनदा गर्भ राहिला पण टिकला नाही म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञांकडे, मांड्यांवर जांभळट जाळी उमटते म्हणून त्वचेच्या दवाखान्यात. एकीच्याच या चार तक्रारी चार-पाच वर्षांत चार ठिकाणी दाखवून होतात आणि प्रत्येक ठिकाणी त्या तक्रारीपुरतं औषध मिळतं. यात कुणी चुकलेलं असतंच असं नाही. पण याच चार ओळी एका कागदावर एकाखाली एक लिहून दाखवल्या, तर सावध डॉक्टर लगेच विचारतील, ‘अँटिफॉस्फोलिपिड तपासलंय का कधी?’

अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम, थोडक्यात एपीएस, हा स्वयंप्रतिकार आजार आहे. रोगजंतूंशी लढण्यासाठी असलेली यंत्रणा यात स्वतःच्याच शरीराविरुद्ध प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी, बनवते. पेशींच्या आवरणात फॉस्फोलिपिड नावाचे स्निग्ध पदार्थ असतात आणि रक्तातली काही प्रथिनं त्यांना चिकटतात. या आजारातल्या अँटिबॉडी त्या प्रथिनांवर जाऊन बसतात. त्याने रक्तवाहिनीचं अस्तर आणि प्लेटलेट उगाच चेतवल्या जातात आणि जिथे जखम नाही, गरज नाही, तिथे रक्त गोठतं. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात डॉ. ग्रॅहम ह्यूज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये या आजाराचं चित्र एकत्र मांडलं, म्हणून काही जण त्याला ह्यूज सिंड्रोमही म्हणतात. काही रुग्णांना ल्युपस (एसएलई) हा दुसरा स्वयंप्रतिकार आजारही असतो, पण बऱ्याच जणांना एकटा एपीएसच असतो. बहुतेक रुग्ण तरुण किंवा मध्यमवयीन असतात. बायकांमध्ये तो जास्त सापडतो, तरी पुरुषांनी हा लेख बाजूला ठेवू नये. चाळिशीच्या आत पक्षाघात झालेल्या पुरुषाच्या फाइलमध्येही ही तपासणी असायला हवी.

कुठे कुठे दिसतो

सगळ्यात नेहमीची जागा म्हणजे पाय. पोटरीच्या किंवा मांडीच्या खोल शिरेत गुठळी झाली की सहसा एकच पाय सुजतो, दुखतो, गरम लागतो, कधी लालसर-जांभळा दिसतो. दोन्ही पाय सारखे सुजले असतील तर कारण बहुधा वेगळं असतं. शंका आली तर शिंप्याची टेप घ्या. गुडघ्याच्या वाटीखाली हाडाचा जो उंचवटा हाताला लागतो, त्याच्या १० सेंटिमीटर खाली दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजा. ३ सेंटिमीटरहून जास्त फरक असेल, तर त्याच दिवशी डॉपलर सोनोग्राफी व्हायला हवी. फरक तेवढा नसला म्हणून गुठळी नाही असंही धरू नका, दुखणं आणि सूज असेल तर डॉक्टरांना दाखवाच. आपल्याकडे एक गोष्ट हमखास होते: ‘पेटका आलाय, जरा तेल लावून चोळून देते.’ प्रेमाने केलेलं हे काम इथे महागात पडू शकतं. एकाच पायाला नव्याने आलेली सूज चोळायची नाही, रगडायची नाही, मालिशवालीला तर मुळीच दाखवायची नाही.

चोळू नये, कारण पायातली गुठळी सुटून फुप्फुसात जाऊन अडकू शकते. अचानक धाप लागणं, खोल श्वास घेताना छातीत कळ येणं, थुंकीतून रक्त पडणं, छाती धडधडून चक्कर येणं ही त्याची लक्षणं. आठवडाभर पोटरी दुखत होती आणि आज जिना चढताना धाप लागली, या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत. डॉक्टरांना दोन्ही सांगायच्या.

गुठळ्या करणाऱ्या बहुतेक रक्तविकारांत त्या शिरांमध्ये होतात. एपीएस मात्र धमन्यांनाही सोडत नाही आणि धमन्यांत त्याचा सगळ्यात मोठा फटका मेंदूला बसतो. तोंड वाकडं होणं, एका हातातलं बळ जाणं, शब्द न सुचणं, एका डोळ्यासमोर पडदा ओढल्यासारखं होणं. ही लक्षणं दहा मिनिटांत पूर्ण गेली, तरी ‘बरं वाटलं, उद्या बघू’ म्हणायचं नाही. असा छोटा झटका म्हणजे मोठ्या झटक्याची आगाऊ सूचना असू शकते. मेंदूतून रक्त बाहेर नेणाऱ्या शिरेतही गुठळी होऊ शकते. तिचं लक्षण फसवं असतं: दिवसेंदिवस वाढत जाणारी डोकेदुखी, उलट्या, धूसर दिसणं आणि मग एखादी फिट. बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत हा प्रकार आपल्या देशात वारंवार दिसतो. त्यामुळे ओल्या बाळंतिणीचं डोकं तीन दिवस दुखत असेल, तर जागरण किंवा पित्त यावर बोळवण करू नये. साधी अर्धशिशी मात्र इतकी सर्रास आढळते, की तिच्या एकटीच्या आधारावर एपीएसची शंका घेण्यात अर्थ नाही.

त्वचेवरची खूण पाहायला सोपी आणि तितकीच दुर्लक्षित. मांड्या, पोटऱ्या, दंड यांवर जांभळट रंगाची जाळी दिसते. थंडीत अनेकांच्या अंगावर फिकट जाळी येते आणि शाल पांघरली की नाहीशी होते, ती वेगळी. एपीएसमधली जाळी उबेतही टिकते आणि तिचे धागे अर्धवट तुटल्यासारखे वेडेवाकडे असतात. सावळ्या अंगावर ती पटकन लक्षात येत नाही, म्हणून दिवसाच्या उजेडात नीट पाहावं लागतं. इयान स्नेडन या ब्रिटिश त्वचारोगतज्ज्ञाने १९६५ मध्येच अशी जाळी आणि पक्षाघात यांची सांगड घातली होती. त्यांनी वर्णन केलेल्या प्रकारातल्या अनेक रुग्णांमध्ये पुढे याच अँटिबॉडी सापडल्या.

आता प्लेटलेटबद्दल. पावसाळ्यात महाराष्ट्रात प्लेटलेट कमी म्हटलं की डोळ्यांसमोर डेंग्यू येतो आणि घरात पपईच्या पानांचा रस निघतो. पण ताप नाही, काही नाही, आणि दर तपासणीत प्लेटलेट ८०-९० हजार किंवा लाख-सव्वालाखाच्या आसपासच येतात, असं असेल तर त्यामागे एपीएस असू शकतो. इथे एक गैरसमज मुळापासून काढायला हवा. प्लेटलेट कमी आहेत म्हणजे गुठळी होणार नाही, असं या आजारात नसतं. कमी प्लेटलेट आणि गुठळी दोन्ही एकाच वेळी असू शकतात. त्यामुळे आकडा पाहून घाबरून रक्त पातळ करणारी गोळी आपल्या मनाने बंद करणं फार धोक्याचं. साधारण ५० हजारांच्या वर प्लेटलेट असतील तर डॉक्टर बहुधा गोळी चालूच ठेवतात. त्याखाली गेल्या तर काय करायचं, हे प्रत्येक रुग्णाचं बघून ठरतं.

याशिवाय हृदयाच्या झडपा जाड होणं, मूत्रपिंडाच्या बारीक वाहिन्या बंद पडून रक्तदाब वाढणं, अंगाला नाचल्यासारखे अनैच्छिक हिसके येणं असंही दिसू शकतं.

गर्भ टिकत नाही तेव्हा

या आजाराचा हा भाग बाईच्या माथी सगळ्यात जास्त अन्यायाने मारला जातो. ‘पपई खाल्लीस’, ‘स्कूटरवर बसलीस’, ‘वजन उचललंस’ हे ऐकत ती दुसरा, तिसरा गर्भपात सोसते. एपीएसमधल्या अँटिबॉडी वारेवर परिणाम करतात. वारेत केवळ गुठळ्या होतात असं नाही. गर्भाशयात वार रुजण्याच्या प्रक्रियेतच या अँटिबॉडी अडथळा आणतात आणि तिथे दाह निर्माण करतात. म्हणून तीन प्रसंगांत तपासणीचा विचार करायलाच हवा. कारण न सापडता दहाव्या आठवड्याआधी पुन्हा पुन्हा गर्भपात होणं हा एक. शास्त्रीय निकषात तीन गर्भपात धरतात, पण दोन झाल्यावरच तपासण्याकडे आता बऱ्याच डॉक्टरांचा कल आहे, आणि मला तो योग्य वाटतो. तिसऱ्याची वाट कशासाठी बघायची? दहाव्या आठवड्यानंतर, बाळाच्या रचनेत दोष नसताना ते पोटात दगावणं हा दुसरा प्रसंग. आणि तिसरा, रक्तदाब फार वाढल्यामुळे किंवा वारेतून पुरेसं रक्त न पोचल्यामुळे ३४ आठवड्यांच्या आत बाळंतपण करावं लागणं.

बाकी कशाहीपेक्षा आधी हे सांगायला हवं, की उपचार मिळाले तर यातल्या बहुतेक जणींच्या कुशीत जिवंत बाळ येतं. उपचारही ऐकून छाती दडपावी असे नाहीत. कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन आणि पोटाच्या कातडीखाली घ्यायचं हेपॅरिनचं इंजेक्शन. हेपॅरिन वार ओलांडून बाळापर्यंत जात नाही. वॉरफरिन आणि त्याच्या जातीच्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मात्र जातात, आणि सहाव्या ते बाराव्या आठवड्यात त्या बाळाच्या घडणीला अपाय करू शकतात. ज्या बाईची वॉरफरिन आधीपासून चालू आहे तिने मूल हवं असं ठरवलं, की दिवस राहण्याआधीच डॉक्टरांशी बोलायचं. पाळी चुकताच घरी चाचणी करायची आणि पॉझिटिव्ह आली तर पुढच्या सोनोग्राफीची वाट न बघता त्याच आठवड्यात हेपॅरिनवर जायचं.

पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली पद्धत आहे. सातव्या-आठव्या महिन्यात गाव बदलतं, दवाखाना बदलतो, डॉक्टर बदलतात. एपीएस असलेल्या मुलीने माहेरी जाऊ नये असं नाही. पण ती ओटीभरणाच्या साडीबरोबर फाइलही घेऊन निघायला हवी, आणि माहेरच्या डॉक्टरांची भेट ती पोचल्याच्या आठवड्यात व्हायला हवी, कळा सुरू झाल्यावर नव्हे. प्रसूतीच्या आदल्या रात्री हेपॅरिन घ्यायचं की नाही, पाठीत भूल देता येईल का, हे ऐन वेळी ठरवण्याचे प्रश्न नाहीत.

बाळंतपण झालं की घरचे सुटकेचा श्वास सोडतात. नेमके पुढचे सहा आठवडे मात्र गुठळीच्या दृष्टीने सगळ्यात जोखमीचे असतात. हेपॅरिन किंवा वॉरफरिन किमान तेवढे दिवस चालू राहतं. वॉरफरिन घेत असताना अंगावर पाजता येतं. बाळंतिणीला सव्वा महिना खाटेवरच ठेवायचं, ‘पोट सुटेल’ म्हणून पाणी बेताने द्यायचं, या दोन्ही चाली इथे सोडून द्याव्या लागतील. तिला पाणी भरपूर हवं आणि घरातल्या घरात चालणं हवं. शेक-शेगडी हवी तर करा.

रिपोर्ट वाचताना

बऱ्याचदा हा आजार दुसऱ्याच रिपोर्टमध्ये डोकावतो. ऑपरेशनच्या आधी केलेल्या तपासणीत एपीटीटी हा रक्त गोठायला लागणारा वेळ वाढलेला येतो. एपीटीटी वाढला म्हणजे रक्त उशिरा गोठतंय, म्हणजे रक्तस्राव होईल, असा सरळ अर्थ काढला जातो आणि ऑपरेशन पुढे जातं. एपीएसमध्ये मात्र हे उलटं असतं. चाचणीच्या नळीत फॉस्फोलिपिड घातलेलं असतं, अँटिबॉडी त्यालाच अडकवून ठेवतात, म्हणून नळीत रक्त उशिरा गोठतं. शरीरात मात्र ते गरजेपेक्षा जास्त गोठत असतं. कारण न सापडता वाढलेला एपीटीटी दिसला, तर ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंटची, म्हणजे एपीएसच्या एका अँटिबॉडीची, तपासणी विचारून घ्या.

दुसरं उदाहरण जास्त नाजूक आहे. गरोदरपणात व्हीडीआरएल ही गुप्तरोगाची, म्हणजे सिफिलिसची, चाचणी सगळ्यांचीच होते. या चाचणीत कार्डिओलिपिन हे एक फॉस्फोलिपिडच वापरतात. त्यामुळे एपीएसच्या अँटिबॉडी असलेल्या बाईची व्हीडीआरएल सिफिलिस नसतानाही पॉझिटिव्ह येऊ शकते. त्या एका शब्दावरून घरात काय महाभारत घडू शकतं, ते लिहायला नको. टीपीएचए ही पुढची चाचणी निगेटिव्ह आली, तर संशय मिटतो. मग नवऱ्याच्या चारित्र्याची नाही, एपीएसची चौकशी करायची.

एपीएससाठी स्वतंत्र तपासण्या तीन आहेत: ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन आणि बीटा-२ ग्लायकोप्रोटीन-१ विरुद्धच्या अँटिबॉडी. तिन्ही कराव्या लागतात, एकीवर भागत नाही. आणि पॉझिटिव्ह आली तर किमान १२ आठवड्यांनी पुन्हा. हा १२ आठवड्यांचा नियम रुग्णाला कटकट वाटतो, पण तो टाळू नका. एखाद्या साध्या जंतुसंसर्गानंतरही या अँटिबॉडी काही आठवडे येतात आणि आपल्या आपण जातात. ठणठणीत माणसांमध्येही शंभरात एक ते पाच जणांत त्या सापडतात. म्हणून एका रिपोर्टवरून कुणाच्या कपाळी आयुष्यभराचा आजार मारणं चूक. अँटिकार्डिओलिपिनचा आकडा थोडासाच वर असेल तर त्याला सहसा फारसं महत्त्व नसतं. साधारण ४० युनिटच्या वरचा आणि १२ आठवड्यांनीही टिकलेला आकडा खरा.

ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंटची तपासणी लहरी आहे. हेपॅरिन, वॉरफरिन, रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळ्या, सगळ्यांमुळे तिचा निकाल बिघडू शकतो. शक्य असेल तर औषध सुरू करण्याआधीच हे रक्त घेतलं जावं. औषध चालू असेल तर ते थांबवायचं नाही, फक्त लॅबच्या फॉर्मवर ठळक लिहायचं. रक्त निळ्या बुचाच्या नळीत घेतात आणि ती नळी खुणेच्या रेषेपर्यंत भरावीच लागते. अर्धी भरलेली नळी म्हणजे चुकीचा रिपोर्ट. नमुना लवकर वेगळा करावा लागत असल्याने घरी बोलावून रक्त देण्यापेक्षा मोठ्या लॅबमध्ये जाऊन दिलेलं बरं. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआरची राष्ट्रीय इम्युनोहेमॅटॉलॉजी संस्था आहे. रक्ताच्या विकारांवरच तिथे काम चालतं. आजाराचा पाठपुरावा मात्र आपल्या जिल्ह्यातल्या संधिवाततज्ज्ञ किंवा रक्तविकारतज्ज्ञ डॉक्टरांकडे नियमित करावा.

जोखीम कुणाला, केव्हा

तिन्ही तपासण्या पुन्हा पुन्हा पॉझिटिव्ह, यालाच ट्रिपल पॉझिटिव्ह म्हणतात आणि गुठळीचा धोका अशांना सगळ्यात जास्त असतो. एकच पॉझिटिव्ह असेल तर ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट ही इतर दोघींपेक्षा जास्त गंभीर. ज्याला आधी एकदा गुठळी झाली आहे त्याला ती पुन्हा होण्याची शक्यता मोठी. कधीच झाली नाही पण अँटिबॉडी ठळक आहेत, अशांना बहुधा ७५ मिलिग्रॅमची अ‍ॅस्पिरिन दिली जाते. कमी आकड्याच्या, एकट्या-दुकट्या अँटिबॉडीला पुष्कळदा काहीच औषध लागत नाही. लागतं ते पुढच्या काही प्रसंगांचं भान.

अँटिबॉडी रक्तात वर्षानुवर्षं गप्प बसून असतात आणि मग काहीतरी निमित्त होतं. त्या निमित्तांपैकी आपल्याकडे सगळ्यात कमी बोललं जातं ते पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्यांबद्दल. गणपती, गौरी, घरचं लग्न, सत्यनारायण. औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय नॉरएथिस्टेरॉन आणायची आणि दिवसातून तीन वेळा घ्यायची. शरीरात तिचा काही अंश इस्ट्रोजेनमध्ये बदलतो, आणि इस्ट्रोजेन म्हणजे गुठळीला आमंत्रण. एपीएस असलेल्या किंवा एकदा गुठळी झालेल्या बाईने ही गोळी घेऊ नये. पाळी आली तर येऊ दे. गौरीला ते चालतं की नाही हे घराने ठरवावं, पण त्या ठरवण्यात बाईच्या मेंदूतली शीर पणाला लावू नये. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्याही वर्ज्य. तांबी चालते.

बाकीची निमित्तं माहितीची आहेत: ऑपरेशन, प्लास्टरमध्ये पाय, तापाने महिनाभर अंथरूण, जुलाबाने सुकलेलं अंग, धूम्रपान, हाताबाहेर गेलेला रक्तदाब. तंबाखू कुठल्याही रूपात सोडावीच. चार तासांहून लांबचा बसून केलेला प्रवासही या निमित्तांत येतो. मुलाकडे अमेरिकेला निघालेल्या आजीने विमानात तास-दीड तासाने उठून चालावं, पाणी प्यावं, घट्ट मोजे डॉक्टरांना विचारून घालावेत. रात्रीच्या ट्रॅव्हल्समध्ये चालता येत नाही. तिथे निदान टाचा वर-खाली करत राहाव्या आणि थांब्यावर खाली उतरावं.

गोळी आणि आयएनआर

गुठळी होऊन गेलेल्या एपीएसच्या रुग्णाला रक्त पातळ करणारं औषध बहुधा कायमचं घ्यावं लागतं. भारतात वॉरफरिनपेक्षा तिच्याच जातीची असेनोकूमारॉल जास्त वापरली जाते. औषध नीट लागू पडतंय का, हे आयएनआर या आकड्यावरून कळतं. बहुतेकांचा आयएनआर २ ते ३ दरम्यान ठेवतात. पक्षाघात होऊन गेलेल्यांसाठी डॉक्टर कधी वेगळी मर्यादा ठरवतात. ‘हे तर उंदीर मारायचं औषध’ असं कुणीतरी शेजारी सांगतं. वॉरफरिन पूर्वी त्यासाठी वापरत, हे खरं आहे. पण १९५० च्या दशकापासून ते माणसांना दिलं जातंय आणि मात्रा मोजून दिलं तर जीव वाचवतं.

मग तपासणीची कटकट नसलेल्या नव्या गोळ्या का नकोत? रिव्हारोक्सॅबानसारख्या गोळ्यांना आयएनआर लागत नाही, भाज्यांचं पथ्य लागत नाही, म्हणून मोह होतो. इटलीत ट्रिपल पॉझिटिव्ह रुग्णांवर झालेल्या एका चाचणीत निम्म्यांना रिव्हारोक्सॅबान आणि निम्म्यांना वॉरफरिन दिली गेली. २०१८ मध्ये तिचे निष्कर्ष आले. रिव्हारोक्सॅबान घेणाऱ्यांपैकी १२ टक्क्यांना पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका आला, वॉरफरिनच्या गटात एकालाही नाही. ती चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली. २०१९ मध्ये युरोपच्या औषध नियामक संस्थेने एपीएसमध्ये, विशेषतः ट्रिपल पॉझिटिव्ह असताना, या गोळ्या नकोत असं बजावलं. गावातल्या एखाद्या डॉक्टरांनी चांगल्या हेतूने गोळी बदलून दिली, तर ‘मला एपीएस आहे, चालेल का?’ हे जरूर विचारा.

गोळी रोज संध्याकाळी ठरल्या वेळी घ्यायची. रक्त सकाळी दिलं की रिपोर्ट पाहून त्याच रात्रीची मात्रा बदलता येते, हा संध्याकाळच्या वेळेचा फायदा. विसरलात आणि त्याच रात्री आठवलं तर घ्या. दुसऱ्या दिवशी आठवलं तर सोडून द्या, दोन एकदम घेऊ नका. पालक, मेथी, शेपू, अळू, कोथिंबीर यांत व्हिटॅमिन के असतं आणि ते गोळीचा जोर कमी करतं. म्हणून पालेभाज्या तोडायच्या नाहीत. दर आठवड्याला साधारण सारख्याच प्रमाणात खायच्या. खरा घोळ उपासांनी होतो. नवरात्रात नऊ दिवस साबुदाणा, वरी आणि बटाटा, त्यांत व्हिटॅमिन के जवळजवळ नाहीच. आयएनआर भराभर चढतो आणि हिरड्यांतून रक्त येऊ लागतं. उपास करायचाच असेल तर डॉक्टरांना सांगून मध्ये एकदा आयएनआर तपासा.

औषधांच्या बाबतीत जास्त कडक राहावं लागतं. जुलाबावर सर्रास मिळणारी मेट्रोनिडाझोल, नायट्यावरची फ्लुकोनाझोल, लघवीच्या जंतुसंसर्गावरची कोट्रायमोक्साझोल, तिन्हींनी आयएनआर वाढतो. क्षयरोगाच्या उपचारातली रिफाम्पिसिन तो इतका खाली आणते, की गोळीची मात्रा पुष्कळ वाढवावी लागते. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांनी पोटात रक्तस्राव होऊ शकतो. अंग दुखलं तर पॅरासिटामॉल घ्यावी, पण तीही सलग काही दिवस लागली तर आयएनआर बघून. जेवणातली हळद चालते. हळदीच्या कॅप्सूल, काढे, पुड्या यांचं नाव मात्र डॉक्टरांच्या कानावर घाला. ताप आला की कंबरेत ‘सुई मारून’ घ्यायची सवय असेल तर ती मोडा, कारण स्नायूत दिलेल्या इंजेक्शनने तिथे रक्त साकळतं. दात काढायचा असेल तरी गोळी परस्पर बंद करू नका, आयएनआर मर्यादेत असेल तर बहुधा तशीच सोय होते.

काळी डांबरासारखी शौच, लघवीतून रक्त, न थांबणारा घोळणा, डोक्याला लागलेला मार: यापैकी काहीही झालं तर त्याच दिवशी दवाखाना. तोंड वाकडं, हात लुळा, अचानक धाप, फिट: तर लगेच १०८. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे हे कळल्यावरच ते द्यायचं की नाही ते ठरतं. म्हणून पाकिटात एक चिठ्ठी ठेवा: आजाराचं नाव, गोळीचं नाव आणि मात्रा, शेवटचा आयएनआर आणि त्याची तारीख, डॉक्टरांचा फोन. शंभरात एकापेक्षाही कमी रुग्णांमध्ये हा आजार एकाएकी पेटतो आणि आठवड्याच्या आत मूत्रपिंड, फुप्फुस, मेंदू असे तीन किंवा जास्त अवयव एकदम बंद पडू लागतात. जंतुसंसर्ग, ऑपरेशन आणि गोळी अचानक सोडणं ही त्याची नेहमीची निमित्तं. एपीएसच्या रुग्णाला ताप आला तर तो लवकर दाखवायचा, तो यासाठी.

घरातल्या बाकीच्यांची तपासणी करून घ्यावी का, असं बहुतेक जण विचारतात. तक्रार नसलेल्या नातेवाइकांची सरसकट तपासणी करत नाहीत, आणि ती करूही नये. पॉझिटिव्ह आलेला एखादा निरुपद्रवी आकडा नुसती झोप उडवतो. पण बहिणीला लहान वयात गुठळी झाली असेल, किंवा तिचा गर्भ टिकत नसेल, तर घरात एपीएस आहे हे तिने पहिल्याच भेटीत तिच्या डॉक्टरांना सांगावं.